एकदाच विचारलं

मी टँगो नाचते हे बारामतीत मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की समोरचा आधी "म्हणजे झुंबाच ना?" असं विचारतो, आणि नाही म्हटलं तर मोबाइल काढून बघतो. त्याला दिसतं की एक बाई आणि एक पुरुष एकमेकांना छातीशी धरून सावकाश चालताहेत आणि बाईचे डोळे मिटलेले आहेत. मग तो मोबाइल खिशात ठेवतो आणि माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं बघायला लागतो. मी कॉलेजात गणित शिकवते. जळोचीत राहते, तिथे भाजी घ्यायला गेलं तरी चार विद्यार्थ्यांचे आईबाप भेटतात. त्यामुळे हा नाच मी पोटात ठेवायला शिकले.

नोकरीच्या सुरुवातीला मी चार वर्षं पुण्यात होते. तिथे एका मैत्रिणीची सोबत म्हणून टँगोच्या क्लासला गेले. ती दोन आठवड्यांत कंटाळली आणि मी राहिले ती राहिलेच. पुढे बारामतीत नोकरी मिळाली, तरी शनिवारी दुपारची एसटी धरून पुण्याला जायचं आणि रविवारी परतायचं हे सुटलं नाही. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला जाब द्यायचा नव्हता. आईला एवढंच सांगितलं होतं की नाचाचा क्लास आहे. कसला नाच, असं तिनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, "असाच, व्यायामासारखा." तिनं पुढे काही विचारलं नाही आणि मीही विषय वाढवला नाही.

आई इंदापूरला एकटी राहते. तिची सगळी नोकरी नर्स म्हणून उपकेंद्रांत गेली. कधी लोणी भापकर, कधी कऱ्हाटी, लसींचा डबा खांद्याला लावून वाड्यावस्त्या फिरायची. अजूनही ओळखीचे लोक तिला नर्सबाईच म्हणतात. शाळेला सुट्टी असली की मी तिच्याबरोबर जायचे. प्रत्येक दारात एकच नाटक चालायचं. घरची बाई म्हणायची, "च्या टाकते, नर्सबाई." आई म्हणायची, "नको गं बाई, आत्ताच झाला." ती बाई तिचं ऐकायचीच नाही, आत जाऊन आधण ठेवायची. आई पुन्हा "राहू दे की" म्हणायची आणि तोवर सतरंजीवर बसलेली असायची. मला तेव्हा फार राग यायचा. तहान लागलीय, पाय दुखताहेत, तर सरळ हो म्हणावं. त्यात ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला, असं मला वाटायचं.

म्हणून टँगोतली एक रीत मला पहिल्या दिवसापासून आवडली. या नाचात कुणी कुणाजवळ जाऊन "नाचणार का" असं विचारत नाही. लांबूनच नजरेला नजर मिळवायची, मान किंचित हलवायची. समोरच्यानं मान हलवली तर होकार. त्यानं नजर वळवली तर नकार, आणि तो विषय तिथे संपला. पुन्हा त्याच्याकडे टक लावून बसायचं नाही. आमचे पुण्याचे गुरुजी बजावून सांगायचे की नाही म्हणजे नाही, दुसऱ्यांदा विचारणं हा गावंढळपणा. आमच्याकडे लग्नात पंगतीला ताटावर आडवा हात धरला तरी हाताच्या वरून जिलबी पडते. त्यात वाढलेल्या मला ही रीत फार सुधारलेली वाटली. मी ती वर्गाबाहेरही पाळायला लागले. कॉलेजात, मैत्रिणींत, घरी. कुणी नको म्हणालं की मी लगेच "बरं" म्हणायचे, आणि आपण किती समजूतदार झालो याचं मनातल्या मनात कौतुकही करून घ्यायचे.

बँकॉकला टँगोचा महोत्सव आहे हे पुण्याच्या क्लासात कळलं. पाच दिवस, ठिकठिकाणचे नाचणारे येणार, रोज दुपारी मोठ्या दालनात नाच. मी नाव दिलं. इंदापुरात आईच्या शेजारी खतांचं दुकान आहे. तिथल्या तात्यांना विक्री चांगली झाली म्हणून कंपनीनं दोनदा बँकॉकला नेऊन आणलेलं. आमच्या भागात बँकॉक म्हणजे खतवाल्यांची सहल, आणि तिच्याबद्दल बोलताना माणसं आवाज खाली आणतात. मी जाणार कळल्यावर तात्या म्हणाले, "मॅडम, बँकॉकला बाप्ये जात्यात. तुमी काय करनार तितं?" मी म्हटलं, "गणिताची परिषद हाय." हे खोटं मी इतक्या सहज बोलले की मलाच त्याचं नवल वाटलं. आईलाही तेच सांगितलं होतं.

त्याच दिवशी मी आईला विचारलं. ती ओट्याशी बसून मेथी निवडत होती. खोली दोघींची होती, क्लासातली मैत्रीण येणार होती ती गळाली होती, म्हणून विचारलं. हे आत्ता लिहिताना मला लपवायचं नाही. तिला न्यावं असं वाटलं म्हणून नाही, पलंग मोकळा होता म्हणून विचारलं.

"आई, येतीस का माझ्यासंगं बँकॉकला?"

तिचा हात मेथीत थांबला. "मी? मी काय करू तितं? नको बाई. तुझं कायतरी कामाचं असंल."

"बरं," मी म्हटलं.

आणि मला सुटल्यासारखं झालं. तिच्या तोंडून नको निघता क्षणी छातीवरचं काहीतरी उतरलं. कारण विचारता विचारताच माझ्या डोळ्यांसमोर ते दालन उभं राहिलं होतं. भिंतीकडेच्या खुर्चीवर आई, मांडीवर पर्स धरून, आणि तिच्यासमोर मी कुठल्याशा परक्या माणसाच्या मिठीत डोळे मिटून. ती नको म्हणाली नसती तर काय केलं असतं हे मला माहीत नव्हतं. मी पटकन विषय बदलला. नाही म्हणजे नाही हा नियम मला त्या दिवशी फार सोयीचा पडला.

त्यानंतरचा महिनाभर ती फोनवर कायकाय विचारत राहिली. तितं थंडी असती का. विमानात खिडकी मागून मिळती का. खोलीत पलंग येक का दोन. एकदा म्हणाली, "पासपोर्ट यायला किती दिस लागत्यात?" मी पेपर तपासत होते. "तीन आठवडे. कशाला गं?" "आपलं असंच. हितल्या बाया इचारत हुत्या." मी बरं म्हणून फोन ठेवला. निकालाची गडबड होती, आणि खरं सांगायचं तर मला तिचे ते प्रश्न जरा भुणभुणीसारखेच वाटत होते.

निघायच्या आदल्या दिवशी मी इंदापूरला जाऊन आले. तिनं शेंगदाण्याची चटणी, दशम्या, आणि कागदात गुंडाळलेला मेणबत्त्यांचा पुडा दिला. आम्ही बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून घरात बुद्धवंदना आहे. आई दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जाते. थायलंड म्हणजे जागोजाग विहार असलेला देश, हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. "तितं बुद्धाची लय मोठी मूर्ती हाय, निजलेली," ती म्हणाली. "येळ मिळाला तर तेवढं बघून ये. मेणबत्ती लाव माझ्या नावानं." मी हो म्हटलं आणि पुडा पिशवीत टाकला. तिला तिथे कशासाठी यायचं असेल हे तेव्हा तरी माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. आमच्या डोक्यात बूट होते. नाचाचे नवे बूट चावत होते.

बँकॉकच्या हॉटेलात सातव्या मजल्यावर दालन होतं. लाकडी जमीन, चहूबाजूंनी खुर्च्या. पहिल्या दिवशी सकाळच्या वर्गात मी एका जपानी गृहस्थांना नाचताना पाहिलं. सत्तरीचे असतील. राखाडी कोट, पाठ ताठ. ते काहीच करत नव्हते, फक्त चालत होते. पण त्यांच्याबरोबरची बाई नाचून खुर्चीवर परत आली तेव्हा तिचा चेहरा झोपेतून उठलेल्या बाळासारखा झाला होता. मला वाटलं, या माणसाबरोबर चार गाणी नाचायला मिळाली की माझं येणं सार्थकी लागलं.

आणि दुपारी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कोपऱ्यात बसले होते. गाणं सुरू झालं, ते समोरच्या बाजूनं उठले, नजर फिरवत माझ्यापाशी येऊन थांबले आणि मान हलवली. दहा वर्षं मी हा नाच शिकत होते, वर्गात नव्या मुलींना ही रीत समजावून देत होते. त्या क्षणी मी काय केलं? मी हसले, मान खाली घातली आणि बुटाचा पट्टा नीट करायला लागले. आमच्याकडच्या बायका करतात तसं. मी कुठली एवढी नाचणारी, दुसरं कुणी बघा, असं. मनात होकार उसळ्या मारत होता. ते पुन्हा विचारणार हे मी धरूनच चालले होते. मान वर केली तोवर ते एका उंच बाईबरोबर जमिनीवर उतरलेही होते.

त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी जागा बदलून बसले. दुसऱ्या दिवशी लाल कुडता घातला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या अगदी समोर बसले. त्यांची नजर माझ्यावरून सरकायची, अगदी सभ्यपणे, आपण मोकळ्या खुर्चीवरून नजर फिरवतो तशी. मी इतरांबरोबर नाचले, पण अर्धं लक्ष राखाडी कोटाकडे. सकाळची फिरायची सहल होती तिला गेले नाही, कारण सकाळच्या वर्गाला ते येतील. निजलेली मूर्ती हॉटेलपासून फार लांब नव्हती. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करत पाच दिवस सरले.

शेवटच्या दुपारी माझ्या शेजारी मलेशियाची एक दातांची डॉक्टर बसली होती. आमची तोवर मैत्री झाली होती. मी तिला माझं दुःख सांगितलं. ती म्हणाली, "पण तू नजर वळवलीस. मी पाहिलं ना. त्यांनी तुझ्या नाहीचा मान ठेवला."

"ते खरं नाही नव्हतं," मी म्हटलं. "आमच्याकडे पहिल्यांदा असंच म्हणतात. पुन्हा विचारायचं असतं."

तिला गंमत वाटली. "आणि पुन्हा नाही विचारलं तर?"

"तर त्या माणसाला समजतं की समोरच्याला आपण नकोच होतो. त्यानं नुसतं विचारायचं म्हणून विचारलं होतं."

मी हे इंग्रजीत, तिला समजावं म्हणून, शांतपणे सांगितलं. आणि सांगून झाल्यावर मी मनानं आईच्या ओट्याशी जाऊन पोचले. मेथीत थांबलेला हात दिसला. खिडकी, थंडी, पलंग, पासपोर्ट, एकेक प्रश्न दिसला. ती महिनाभर माझ्या दारात उभी होती आणि मी आधण ठेवलंच नव्हतं. ती डॉक्टर काहीतरी बोलत होती. मी उठून खोलीवर गेले आणि आईला फोन लावला. तिनं उचलला, "जेवलीस का?" विचारलं. मी हो म्हटलं. मग फोन ठेवला. दोन तासांत विमानतळावर निघायचं होतं. सामान भरताना मेणबत्त्यांचा पुडा तसाच हाताला लागला.

परत आल्यावर चार दिवसांनी मी इंदापूरला गेले. निमगाव केतकीपर्यंत बसमध्ये मी वाक्यं जुळवत होते. आईच्या दाराला कडी होती. ती विहारात गेली होती. तात्यांनी दुकानातून हाक मारली आणि मला खुर्ची दिली.

"काय मॅडम, नर्सबाईस्नी का न्हाय न्हेलं? पासपोर्ट तर आला हुता की."

"पासपोर्ट? कवा आला?" मी विचारलं.

"मीच अर्ज भरून दिला मोबाइलवर. येकट्या पुन्याला जाऊन आल्या एश्टीनं. पोलीस बी आलता चौकशीला. तुमी निघायच्या आदी धा-बारा दिस पोष्टमन घिऊन आला. मला म्हनल्या, लेक न्हेती म्हनली हाय." मग म्हणाले, "तितं जायला तर व्हिसा बी लागत न्हाय. म्या सांगितलं हुतं त्यास्नी."

पुण्याला. एकटी. ज्या पुण्याला मी दर शनिवारी जाते, तिथे ती जाऊन आली आणि मला बोलली नाही. दहा-बारा दिवस पासपोर्ट घरात ठेवून ती मला विचारत राहिली की खोलीत पलंग किती. आदल्या दिवशी मी तिच्या घरी होते. तेव्हाही तो तिथेच कुठेतरी असणार. एका शब्दाचं काम होतं.

आई आली. चहा टाकला. मी मेणबत्त्यांचा पुडा काढून ठेवला आणि म्हटलं, "जायला झालं न्हाय." ती म्हणाली, "असू दे. काम असतंय मानसाला," आणि पुडा देव्हाऱ्याच्या जागी असलेल्या फळीवर, बुद्धाच्या फोटोपाशी ठेवला. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि तेच मला सोसेना. मी सगळं सांगून टाकलं. परिषद नव्हती. नाच होता, आणि तो कसा असतो. तात्यांकडून पासपोर्टचं कळलं. आणि जे सांगायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं तेही सांगितलं.

"तू नको म्हनलीस तवा मला बरं वाटलं हुतं, आई."

"ठाव हाय," ती म्हणाली. "तुजं त्वांड बघितलं की मी."

मग मी कसंबसं म्हटलं, "मला तुझी लाज न्हाई वाटली गं. माझीच वाटली."

ती चहा गाळत होती. "ज्याची त्यालाच ठाव," एवढंच म्हणाली आणि कप माझ्यापुढे ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते आणि मी चहा पीत होते.

मी म्हटलं, "आपन आता जाऊ. दोघीच. नाच न्हाय, कायबी न्हाय. नुसती विहारं बघू. दिवाळीच्या सुट्टीत. चल."

"विहारं व्हय? त्याला मी नाव दिलंय. विहारातल्या मंडळाच्या बाया तितंच चालल्यात पौषात." ती माझ्यासमोर बसली. "विहार काय, मी कुनासंगं बी बघीन. परिषद न्हाय ते मला ठाव हुतं. मला तुजा नाच बघायचा हुता."

मला वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

"तुजा नाच," ती म्हणाली. "धा वर्सं जातीस. पावसात जातीस, आजारी असली तरी जातीस. काय हाय त्यात येवढं, बघावं म्हनलं. मेल्या त्या पुन्यात यिऊन बघनार हुते येकदा. पर तू बोलावलं न्हाईस." पुण्यापर्यंत आली तेव्हा माझ्या क्लासची जागा तिनं शोधली होती की काय, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. ती म्हणाली, "दाव की आता. हितंच दाव."

"एकटीला न्हाय येत तो, आई. दोघं लागत्यात."

"बरं," ती म्हणाली आणि दूध बघायला उठली.

खोली दहा बाय दहाची होती. सतरंजी बाजूला सारली असती तर जागा भरपूर होती. दोघं लागतात, तर तिथे दोघी होतोच. तिला छातीशी धरून भिंतीपासून दारापर्यंत चार पावलं टाकली असती तर तिला कळलं असतं की दहा वर्षं मी कशासाठी जाते. हे मला बारामतीच्या बसमध्ये बसल्यावर सुचलं.

ती पौषात मंडळाच्या बायांबरोबर जाऊन आली. त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी पंधरा दिवसांतून एकदा इंदापूरला जाते, आम्ही भाजी निवडतो, बोलतो. तिनं नाचाचं पुन्हा कधी काढलं नाही. आणि मी, अनोळखी माणसांच्या मिठीत डोळे मिटून चालणारी बाई, दर वेळी ठरवून जाते आणि तिला हात न देताच परत येते.